प्रियाची पाठ

भावेश इस्तंबूलहून एकटाच आला. बॅग ओटीवर टाकली, बूट काढले आणि पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधीच आईला म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर करी रोडला चल. तिला घेऊन यायचीय."

मंजुळा मोरीत मासळीच्या पाट्या धूत होती. लालबागचा बाजार उरकून ती नुकतीच वरळी कोळीवाड्यात परतली होती, हाताला अजून बर्फाचा गारठा होता. मान वर न करता ती म्हणाली, "तुझी बायको. तू जा."

"माझा फोन उचलत नाय ती. तिची आई म्हणते, दारात पाऊल ठेवू नको. तू आलीस तर नाही म्हणायची हिंमत होणार नाय त्यांची. जगनकाकाला पण सांगितलंय."

प्रिया मावसभावाच्या लग्नाला म्हणून मुंबईत आली होती. लग्न झालं, पाहुणे गेले, परतीचं तिकीट वाया गेलं, तरी ती माहेरून हलली नव्हती. कोळीवाड्यात ज्या ज्या बाईने विचारलं तिला मंजुळाने एकच उत्तर दिलं होतं: "माज आलाय. दुसरं काय?" आणि ते खोटं आहे हे त्या सगळ्यांत फक्त मंजुळालाच ठाऊक होतं.

दोघींचं पहिल्यापासून वाकडं. प्रिया करी रोडच्या मालवणी घरातली, ट्रॅव्हलच्या ऑफिसात कामाला होती. भावेशने आपण होऊन ठरवलेलं लग्न. मासे मांजरीसारखे चाटूनपुसून खायची, पण सासू बाजारातून आली की श्वास रोखून धरायची. पहिल्याच हळदीकुंकवाला, घरभर बायका बसलेल्या असताना म्हणाली, "आई, तुम्ही आधी अंघोळ करून येता का?" मंजुळाने तिथल्या तिथे सुनावलं, "ह्याच वासावर तुझा नवरा इंजिनियर झाला गो. नाक दाबून जेवत जा तू." बायका हसल्या. प्रिया हसली नाही, आणि तिने ते विसरलंही नाही. मग भावेशला इस्तंबूलच्या जहाजदुरुस्ती यार्डात नोकरी लागली, दोघं तिकडे गेली, आणि मंजुळाला बरंच वाटलं.

दिवाळीनंतर भावेशने आईला तिकीट पाठवलं. मंजुळा गेली ती सुनेचा संसार बघायला, म्हणजे खोडी काढायला. आणि तिने काढल्या. भात चिकट होतो. चादरी ओलसर राहतात. इथल्या बाजारात मासे टवटवीत असतात आणि तू आणतेस ते मेलेल्या डोळ्यांचे. प्रियाही शब्दाला शब्द द्यायची. "तुम्ही आणा मग. तुर्कीत भाव करा." दिवसभर दोघींची अशी चकमक चालायची. पण संध्याकाळी दारात भावेशची किल्ली वाजली की प्रियाची जीभ टाळूला चिकटायची. ताट वाढायची, पाणी द्यायची आणि नजर खाली ठेवून उभी राहायची. मंजुळाला वाटलं, नाटक. नवऱ्यापुढे गरीब गाय व्हायचं आणि सासूला शिंगावर घ्यायचं.

खालच्या मजल्यावर नेर्मिन नावाची एक बाई राहायची. तिला थोडं इंग्रजी येई. मंजुळाचे दुखरे गुडघे बघून तिने प्रियाला सांगितलं, सासूला हमाममध्ये ने, मीही येते. गरम दगडावर झोपलं की थंडी हाडांतून निघून जाते. मंजुळाला ही कल्पना एकदम पटली. प्रिया मात्र म्हणाली, "तुम्ही दोघी जा. मला बरं नाही."

"काय झालं तुला?"

"अंग दुखतंय."

"अंग दुखतंय म्हणून तर जायचं."

"मला नाही आवडत ते, आई. सगळ्यांसमोर कपडे काढून बसायचं."

"असं सांग ना, की कोळणीबरोबर बसायची लाज वाटते!" मंजुळा तडकली. "त्या परक्या बाईला माझे गुडघे दिसले. तुला माझा वास तेवढा येतो."

प्रिया आत गेली, पिशवीत दोन टॉवेल कोंबले आणि म्हणाली, "चला."

हमाम जुना होता. बाहेरच्या खोलीत कपडे काढून लाल चौकड्यांचे पंचे गुंडाळायचे आणि लाकडी चपला घालून आत जायचं. आत वाफ. वर मोठा घुमट, त्याला बारीक बारीक गोल भोकं, त्यांतून उजेडाच्या तिरिपी खाली उतरलेल्या. मधोमध संगमरवरी ओटा, खालून तापवलेला. भिंतीला दगडी कुंड्या, त्यांत पाणी सतत पडतंय आणि बायका वाडग्याने अंगावर घेताहेत, गप्पा मारताहेत. सुरुवातीला मंजुळा लाजली. जन्मभर तिने मोरीच्या पडद्याआड, अर्धं लुगडं अंगावर ठेवून अंघोळ केलेली. पण ओट्यावर पाठ टेकली आणि गुडघ्यांत ऊब शिरली तशी तिची सगळी लाज गेली. इतकं सुख तिला कुठल्या डॉक्टरने दिलं नव्हतं. डोळे मिटून ती पडून राहिली.

डोळे उघडले तेव्हा तिला दिसलं, प्रिया कोपऱ्यातल्या कुंडीपाशी भिंतीला पाठ लावून बसली आहे. पंचा गळ्यापर्यंत ओढलेला. बाकीच्या बायका मोकळ्या, आणि ही गाठोड्यासारखी.

"महाराणी," मंजुळा मोठ्याने म्हणाली, "आलीयस तर अंग तरी ओलं कर. का आमच्यात बसून बाटशील?"

प्रियाने पंचा आणखी घट्ट आवळला.

अंघोळ घालायला एक दांडगी बाई होती. हाताला खरखरीत मोजा चढवून ती एकेकीला घासून काढत होती, हातभर मळाच्या वळ्या निघत होत्या. ती प्रियाकडे आली. प्रियाने मानेनेच नको म्हटलं. बाई हसली, तिला वाटलं पोर लाजतेय. तिने दंड धरून प्रियाला ओट्यावर आणलं, पालथी केली आणि सवयीच्या हाताने पंचा खाली ओढला.

बाईचा हात तिथेच थांबला.

पाठीवर वळ होते. काही जुने, पिवळट पडलेले, काही जांभळे आणि एक आडवा, खांद्याच्या हाडावरून गेलेला, त्याची खपली वाफेने मऊ होऊन फुटली होती. पट्ट्याचे होते. मंजुळाला ते कोणी सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा पट्ट्याने मारायचा, खाडीवरून पिऊन आला की. पण माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. तो मरेपर्यंत सहा वर्षं ती जे अंगावर वागवत होती ते दिसतं कसं, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हमाममधल्या गप्पा थांबल्या. दांडग्या बाईने खाली वाकून प्रियाला हळू काहीतरी विचारलं. मग मंजुळाकडे बोट करून आणखी काही विचारलं.

प्रिया म्हणाली, "कायनाना."

तुर्कीत कायनाना म्हणजे सासू. हा एक शब्द मंजुळाला येत होता, कारण नेर्मिनने तिची इमारतीत ओळख करून देताना दहादा वापरला होता. बाईने मान वर केली आणि मंजुळाकडे असं पाहिलं की ती ओट्यावर उठूनच बसली. मग बाई बोलू लागली. भाषा कळली नाही तरी शिव्या कळतात. कुंडीपाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या चुकचुकल्या, त्यातली एक मंजुळाच्या दिशेने हात झटकून, छी-थू केल्यासारखं "आयिप, आयिप" म्हणत राहिली. नेर्मिन मंजुळाशेजारून उठली आणि पलीकडे जाऊन बसली. बाईने हातातला मोजा काढून मंजुळाच्या पायाशी फेकला. तुला मी हात लावणार नाही, असा त्याचा अर्थ होता, आणि तो ज्याला त्याला कळला.

बाजारात मंजुळाशी कोणी असं वागलं असतं तर तिने त्याला कोयता दाखवला असता. इथे ती एका पंच्यावर बसली होती आणि तोंडात भाषा नव्हती.

"सांग त्यांना!" ती प्रियावर ओरडली. "मी नाय केलं म्हणून सांग! बघतेस काय? सांग, सासूने नाय मारलं!"

प्रिया पालथीच होती. गाल दगडाला टेकलेला. तिथूनच तिने विचारलं, "मग कोणी मारलं तेही सांगू?"

मंजुळाने तोंड उघडलं. नेर्मिन बघत होती. नेर्मिनचा नवरा भावेशच्याच यार्डात होता.

"सांगू का, आई?"

"नको," मंजुळा म्हणाली.

प्रिया उठली, पंचा गुंडाळला, वाडग्याने चार वेळा पाणी घेतलं आणि बाहेर गेली. मंजुळा तिच्यामागून निघाली तेव्हा बायकांनी पाय आखडून तिला वाट करून दिली, जशी घाणीला देतात.

त्या संध्याकाळी भावेशने जेवताना विचारलं, "काय, कसा वाटला हमाम?"

"बरा होता," मंजुळा म्हणाली आणि भातात आमटी कालवली. प्रिया समोर उभी होती. पुढचा आठवडाभर दोघींत भांडण म्हणून झालं नाही. भांडणापेक्षा ते वाईट होतं.

*

करी रोडला प्रियाचं माहेर आता टॉवरमध्ये होतं, चाळ पाडून बांधलेल्या. दार तिच्या आईने उघडलं. रमाबाई विधवा, हडकुळी, मालवणी तोंडाची बाई. तिने भावेशकडे पाहिलंच नाही. "तुमी इलात म्हणून घरात घेतंय हां, विहीणबाई," असं मंजुळाला बजावून तिने खुर्च्या पुढे सरकवल्या. पाणी दिलं नाही.

जगन, मंजुळाचा दीर, समाजात चार लोकांत बोलणारा माणूस. त्याने घसा साफ करून सुरुवात केली. नवराबायकोत होतंच, पोरगी परमुलखात एकटी पडते, डोक्यात काहीबाही येतं, भावेशने डॉक्टरला दाखवायचं कबूल केलंय. प्रिया भिंतीला टेकून उभी राहून ऐकत होती. तिचे केस आखूड कापलेले होते. मंजुळाला ते बघूनही राग आला.

"डॉक्टरला दाखवायचं ते ह्याला दाखवा," प्रिया म्हणाली. "मी परत जाणार नाही. मारतो तो मला."

भावेश हसला. सवयीने हसला, अगदी मऊ. "बघा काका. मी सांगत होतो ना? हेच चालू असतं तिचं. एक फोटो दाखव म्हणावं. एक डॉक्टरची चिठ्ठी दाखव."

"माझा फोन कोणाकडे असायचा?"

"बरं, ते सोड. आई होती ना आपल्याकडे? एकाच घरात, पातळ भिंती." तो मंजुळाकडे वळला. "आई, तू सांग सगळ्यांना. तुला कधी काय दिसलं?"

खोलीत सगळे मंजुळाकडे बघू लागले. ती येताना टॅक्सीत ठरवून आली होती की काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मुलाच्या बाजूला बसायचं, आईने आणखी काय करायचं असतं?

"त्यांना नका विचारू," प्रिया म्हणाली. "त्यांनी सगळं पाहिलंय. पण त्या नाही बोलणार. तोंड फक्त मासे विकायला उघडतं त्यांचं."

मंजुळाच्या कानशिलांतून आग गेली. "तोंड सांभाळ गो!" ती ओरडली. "तुझ्या आईच्या घरात आहेस म्हणून ऐकून घेते काय मी? होय, पाहिलं! त्या हमाममध्ये पाहिलं, आणि वीस बायांनी पाहिलं. मानेखालपासून कमरेपर्यंत. पट्ट्याचे वळ होते. एक तर फुटला होता."

बोलून झालं तेव्हा तिलाच कळलं की आपण बोललो.

रमाबाईने लेकीचा हात धरला. लेकीने तिला सांगितलेलं होतं, पण पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं. जगन म्हणाला, "वहिनी, घरातलं असं..." आणि खुर्चीतून उठला. भावेश हसायचा थांबला होता.

"आई, तू थकलीयस. चल," तो म्हणाला आणि तिचा दंड धरून तिला उठवलं.

लिफ्टमध्ये तिघंच होते. दार बंद झालं तसा भावेशने आईचा जबडा एका हातात पकडला आणि तिचं डोकं मागच्या पत्र्यावर आपटलं. "मला भिकेला लावशील?" तो अगदी हळू बोलत होता. "माझं खाऊन तिची बाजू घेतेस? भेंडी, आज घरी चल तू." त्याची बोटं तिच्या गालात रुतली होती. मंजुळाने डोळे वळवून जगनकडे पाहिलं. जगन दारावरचे मजल्यांचे लाल आकडे बघत होता. सात, सहा, पाच. हा माणूस भिंतीपलीकडे राहायचा, तिचा नवरा होता तेव्हाही.

तळमजल्यावर दार उघडलं. बाहेर भाजीच्या पिशव्या घेतलेलं एक जोडपं उभं होतं. भावेशने हात काढला, "सॉरी हां, या ना," म्हणत त्यांना वाट दिली आणि बाहेर पडून मोबाइलवर टॅक्सी शोधू लागला. जगन त्याच्यामागे.

मंजुळा लिफ्टमधून उतरलीच नाही. जोडप्याने मजला विचारला तर तिने सांगितला. भावेशने वळून पाहिलं तेव्हा दार बंद होत होतं.

वर दार प्रियाने उघडलं. सासूच्या गालावरची बोटं तिने पाहिली. कोणाची ते तिला विचारावं लागलं नाही.

"कुठे लिहून द्यायचं असतं?" मंजुळाने विचारलं.

"पोलिसात."

"चल मग."

"आता?" प्रिया दारातच उभी राहिली, तिला आत न घेता. "स्वतःच्या गालावर आलं तेव्हा आठवलं तुम्हाला. मी त्या दगडावर पडून विचारत होते तेव्हा नको म्हणालात. नंतर अडीच महिने मी तिथे होते. माहितीय काय झालं त्यात?"

"नाय माहीत."

"मग थँक्यू म्हणायची वाट बघू नका."

"कोण मागतंय तुझं थँक्यू?" मंजुळा म्हणाली. "तू मला तेव्हा आवडत नव्हतीस आणि आतापण नाय. लिहून द्यायला आवडायला लागतं काय? चप्पल घाल."

रमाबाई आतून पदर खोचत आली. "मी पण येतंय," म्हणाली. तिघी निघाल्या, मागच्या जिन्याने. लिफ्टने जायला कोणी तयार नव्हतं.

पोलीस ठाण्यात बाकावर रमाबाई मध्ये बसली आणि सासू-सून दोन टोकांना. हवालदार बाई तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने आधी प्रियाचं ऐकलं, मग मंजुळाकडे वळली.

"तुम्ही कोण यांच्या?"

"सासू."

"मुलाच्या विरोधात देताय?" तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, नीट विचार केलाय ना? उद्या येऊन रडता तुम्ही लोक, मागे घ्या म्हणून."

"रडायचं ते घरी रडेन," मंजुळा म्हणाली. "तू लिही."

"त्याचं पूर्ण नाव सांगा."

प्रिया सांगणार तेवढ्यात मंजुळाच बोलली. "भावेश धोंडू तांडेल." नवऱ्याचं नाव तिने उखाण्याशिवाय आयुष्यात घेतलं नव्हतं.

भावेश त्याच रात्रीच्या विमानाने निघून गेला, असं दुसऱ्या दिवशी जगनने दारात उभं राहून सांगितलं. मुलाने तिकीट बदलायला किती पैसे भरले हेही त्याला ठाऊक होतं. पासपोर्टचं काय करायचं ते पोलीस बघतील, असं प्रियाचा वकील म्हणतो, पण कधी ते सांगत नाही. प्रिया फोन करते तो कामापुरता. अमुक दिवशी या, आधार कार्ड आणा. मंजुळा "बरं" म्हणते आणि ठेवते. एकदा प्रियाने विचारलं होतं, "तुमच्याकडे आलेत का कोणी त्रास द्यायला?" मंजुळा म्हणाली, "तू तुझं बघ." त्यावर प्रिया म्हणाली, "बघतेच आहे," आणि तिनेही ठेवला.

त्रास होता. पोटच्या पोराला पोलिसात देणारी आई, म्हणून कोळीवाड्यात बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. लालबागच्या बाजारात शेजारी बसणारी माया, जिच्याबरोबर तिने इतकी वर्षं एका बर्फात मासळी ठेवली, तिने आपली पाटी पार पलीकडे नेली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "काही लोकांना पोटातलं पण खपत नाय."

मंजुळाने कोयता फळीवर आपटला.

"माया," ती म्हणाली, "जे बोलायचंय ते इकडे तोंड करून बोल. आणि मग मी सांगते काय बघितलं ते. सगळ्या बाजाराला सांगते. बोलू?"

मायाने आपल्या पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं. गिऱ्हाईक दोघींच्या मध्ये पिशवी धरून उभं होतं, जावं की थांबावं अशा विचारात. मंजुळाने हलव्याचा कल्ला उचलून आतला लालभडक रंग त्याला दाखवला.

"थांबताय कशाला? ताजा हाय," ती म्हणाली. "कापू?"